काटा फक्त शेवटचे तीन महिने सांगतो

प्रति,
मा. सचिव, महिला व बालविकास विभाग, मंत्रालय, मुंबई
मा. आयुक्त, एकात्मिक बालविकास सेवा योजना, नवी मुंबई

स.न.वि.वि.

सप्टेंबर आला की गावोगाव पोषण माह सुरू होतो. अंगणवाडीच्या ओट्यावर मूग, मसूर, नाचणी आणि तांदळाची रांगोळी निघते. मधोमध गरोदर बाईचं चित्र, कडेने घोषणा. फोटो काढून वर पाठवले की महिना साजरा झाला. रांगोळीतलं धान्य नंतर कुणाच्या पोटात जातं, असं मी एका बैठकीत विचारलं होतं. सगळ्या हसल्या आणि विषय पुढे गेला. मी काही विनोद केला नव्हता.

मी निवृत्त आरोग्य सेविका. उपकेंद्रातली नोकरी म्हणजे गरोदर बायांची नोंदणी, तपासणी, लाल गोळ्या, बाळंतपण, लसी आणि या सगळ्याची रजिस्टरं. तुमचं खातं वेगळं, माझं वेगळं. पण गरोदर बाई एकच, त्यामुळे अंगणवाडी सेविका, आशा आणि मी अशा तिघी शेवटी एकाच दारात भेटायचो. तिला आहार तुमच्याकडून मिळायचा आणि नऊ महिन्यांनी बाळाचं वजन माझ्या रजिस्टरला लागायचं. या दोन गोष्टींच्या मध्ये काय होतं, हे तुमच्या अहवालांत दिसत नाही. ते सांगायला हे पत्र.

तुमचा सगळा हिशेब अडीच किलोभोवती फिरतो. अडीच किलोच्या खाली बाळ कमी वजनाचं, वर ते ठीक. २०१८ मध्ये पोषण अभियान सुरू झालं तेव्हा कमी वजनाच्या बाळांचं प्रमाण दरवर्षी दोन टक्क्यांनी खाली आणायचं उद्दिष्ट ठरलं होतं. उद्दिष्ट चांगलंच आहे. पण तो अडीचचा आकडा रजिस्टरात कसा उतरतो, ते एकदा प्रसूतिगृहात उभं राहून बघा. बाळ रडत असतं, हातपाय झाडत असतं. दुपट्याचं वजन वजा करायला काटा शून्यावर आणायचा असतो, तो घाईत कधी आणला जातो, कधी नाही. आकडा २.४६, २.४८ असा हलत राहतो. वहीत उतरतं २.५. कुणी जाणूनबुजून खोटं लिहितं असं नाही. पण अडीचच्या खाली लिहिलं की आशाच्या जादा भेटी आल्या, पाठपुरावा आला, मासिक सभेत उभं राहून उत्तर देणं आलं. कुठलंही जुनं रजिस्टर उघडा. २.४ च्या ओळी तुरळक दिसतील आणि २.५ वर झुंबड. निसर्ग असा नेमका अडीचवर येऊन थांबत नसतो.

हे झालं मोजण्याचं. समजा काटा अगदी चोख आहे आणि लिहिणारीही चोख आहे. तरी त्या आकड्यातून कळतं किती?

पोटातलं बाळ अठ्ठावीस आठवड्यांचं होतं तेव्हा जेमतेम किलोभराचं असतं. उरलेलं सगळं वजन शेवटच्या तीन महिन्यांत भरतं. म्हणजे जन्माच्या वेळी काट्यावर दिसतं ते मुख्यतः शेवटच्या तिमाहीचं खाणं. त्याआधी हृदय, मूत्रपिंडं, यकृत आणि बाळाला पोसणारी वार तयार होत असताना आईच्या पानात काय होतं, याबद्दल काटा फारसं बोलत नाही. दुसऱ्या महायुद्धाच्या शेवटी, १९४४-४५ च्या हिवाळ्यात, हॉलंडच्या पश्चिम भागात दुष्काळ पडला होता. माणशी हजार उष्मांकसुद्धा मिळत नव्हते. ज्या बायांचे शेवटचे महिने त्या उपासमारीत गेले, त्यांची बाळं सरासरी तीनशे ग्रॅमने हलकी जन्मली. पण ज्यांना त्या काळात नुकते दिवस गेले होते आणि पुढे पोटभर अन्न मिळालं, त्यांच्या बाळांचं वजन नेहमीसारखंच भरलं. काट्याने त्यांना पास केलं. तीच बाळं पन्नाशीला आली तेव्हा हृदयविकार आणि लठ्ठपणा त्यांच्यात जास्त आढळला.

हॉलंड लांब आहे म्हणाल, तर पुणे जवळ आहे. १९९३ पासून पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुण्याजवळच्या सहा गावांत बायांचा दिवस जाण्याआधीपासून माग ठेवला. कोण काय खाते, किती काम करते, बाळ केवढं होतं, सगळं मोजलं. त्या आया दिवस जाण्यापूर्वी सरासरी ४२ किलोच्या आणि १५२ सेंटिमीटर उंचीच्या होत्या. दिवसाचं खाणं सुमारे १८०० उष्मांक, त्यात ४५ ग्रॅमच्या आसपास प्रथिनं. पूर्ण दिवसांची बाळं सरासरी २.७ किलोच्या आतबाहेर. तीच मापं इंग्लंडमधल्या साउदम्प्टनच्या साडेतीन किलोच्या बाळांशी ताडून पाहिली, तेव्हा वेगळंच दिसलं. आपलं बाळ सगळीकडून सारखं लहान नव्हतं. लांबीत तूट कमी होती. पोटाचा घेर आणि दंड मात्र फार बारीक, म्हणजे यकृतासारखे अवयव आणि स्नायू कमी. आणि पाठीवरच्या कातडीखालची चरबी जवळपास राखलेली. हडकुळं, तरीही चरबीवालं बाळ. मोठेपणी मधुमेहाकडे झुकणाऱ्या शरीराची ही सुरुवात असावी, असं या संशोधकांचं म्हणणं आहे. अशा बाळाचं वजन तुम्ही चरबीने शंभर ग्रॅमने वाढवलंत, तर रकाना हिरवा होईल. बाळाचं भलं होईलच असं नाही.

याच अभ्यासातला दुसरा निष्कर्ष तर प्रत्येक प्रकल्प कार्यालयाच्या भिंतीवर लावावा असा आहे. आईने एकूण किती उष्मांक आणि किती प्रथिनं खाल्ली, याचा बाळाच्या मापाशी ठळक संबंध दिसला नाही. संबंध दिसला तो अठराव्या आठवड्याच्या सुमाराला घेतलेल्या दुधाशी आणि अठ्ठाविसाव्या आठवड्याच्या सुमाराला खाल्लेल्या पालेभाज्या आणि फळांशी. पालेभाज्यांचा संबंध सगळ्यात जास्त कुठे होता? चाळीस किलोच्या आतल्या, सगळ्यात किरकोळ बायांमध्ये. मेथी, शेपू, अंबाडी, चाकवत यांची नावं तुमच्या माहितीपत्रकात असतात, ती पाकिटात नसतात.

तुमचं पाकीट कसं असतं ते तुम्हाला सांगायला नको. घरी न्यायचा आहार, आम्ही सगळ्या ज्याला टीएचआर म्हणतो. दिवसाला ६०० उष्मांक आणि १८ ते २० ग्रॅम प्रथिनं, हे कागदावरचं गणित. प्रत्यक्षात घरात पाकीट आलं की ते परातीत ओतलं जातं आणि शिरा, सुकडी नाहीतर थालीपीठ होतं. त्या परातीभोवती शाळेतून आलेली दोन पोरं बसतात, सासू बसते, कधी दीर. दोन जिवांची बाई सगळ्यांना वाढते आणि कढईला लागलेलं खरवडून खाते. चव आवडली नाही तर उरलेलं शेळीपुढे जातं. यात त्या घराचा दोष मी मानत नाही. घरात आलेलं अन्न एकटीने दार लावून खाणारी बाई आपल्याकडे वाढवलीच जात नाही. दोष आहे तो पाकीट दिल्यावर “लाभार्थीने आहार घेतला” असं लिहिणाऱ्या रकान्याचा.

आणि या सगळ्यासाठी २०१७ मध्ये गरोदर आणि स्तनदा मातेचा दर ठरला दिवसाला साडेनऊ रुपये. त्यातले बरेचसे एका अंड्यातच जातात. पुढचं गणित मंत्रालयात कुणीतरी करावं.

दुसरीकडे, याच राज्याने एक बरं काम करून ठेवलं आहे, आणि तेही तुमच्याच अंगणवाड्यांतून. २०१५ च्या अखेरीस आदिवासी भागात सुरू झालेली डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम अमृत आहार योजना. भाकरी किंवा चपाती, भात, डाळ, पालेभाजी, शेंगदाण्याचा गुळातला लाडू, अंडं नाहीतर केळी, असं गरम ताट अंगणवाडीत बसून जेवायचं. त्यातही अडचणी आहेतच. बिलं अडकली की सेविका उधारीवर किराणा आणते. लाजेपोटी किंवा शेतात जायची घाई म्हणून बाया डबा भरून घरी नेतात, आणि डबा घरी गेला की पुन्हा तीच परात. तरीही बाई बसून जेवली तर ते अन्न तिच्याच पोटात जातं, आणि चार गरोदर बाया एकत्र जेवतात तेव्हा चार गोष्टी बोलतातही. कुणाच्या पायाला सूज आहे, कुणाला लाल गोळीने मळमळतं, कुणाच्या बाळाची हालचाल कमी वाटते. तपासणीच्या दिवशी मला जे कळत नाही ते त्या पंगतीत कळतं. मग ही पंगत फक्त आदिवासी उपयोजनेच्या हद्दीतच का? बीडची ऊसतोड करणारी बाई त्या हद्दीत येत नाही. पुण्याच्या मावळात येऊन राहिलेली वीटभट्टीवरची बाई येत नाही. मुंबईच्या झोपडपट्टीतली येत नाही. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याच्या चौथ्या कलमात प्रत्येक गरोदर बाईला अंगणवाडीतून मोफत जेवणाचा हक्क लिहिला आहे. तो नकाशातल्या रेषा बघून लिहिलेला नाही. तेलंगणाने २०१५ पासून, कर्नाटकाने २०१७ पासून गरोदर बायांना अंगणवाडीत ताट वाढायला घेतलं, तेलंगणात तर त्या ताटासोबत दूध आणि अंडंही. आपल्याला हे परवडत नाही असं कुणी म्हणू नये.

आता उशिराबद्दल.

आपल्याकडे दिवस गेल्याचं पहिले तीन महिने कुणाला सांगत नाहीत. दृष्ट लागते म्हणतात, शिवाय काही कमी-जास्त झालं तर चार तोंडांना उत्तर कोण देणार. मी उपकेंद्रात नोंद घ्यायचे तेव्हा चौथा महिना सरलेला असायचा. पहिलटकरणीचा तर कधी पाचवा. मग सातव्यात डोहाळजेवण, हौसेने फुलांचे दागिने, वाडी भरलेली. त्यानंतर माहेरी. म्हणजे एका गावातलं नाव दुसऱ्या गावात हलवायचं, आणि तेवढ्यात आहाराचा एक हप्ता बुडायचा. बाळंत झाली की मात्र घर खर्चाला मागेपुढे बघत नाही. डिंकाचे लाडू, हळिवाची खीर, तूप, खारीक-खोबरं. गरीब घरातही उसनवारी करून बाळंतिणीचं खाणं करतात. त्याच घराला गरोदरपणी मात्र वेगळीच भीती असते, फार खाल्लं तर बाळ मोठं होईल आणि बाळंतपण अडेल. सासवांची ही भीती मूर्खपणाची नाही. त्यांच्या काळी गावात ना ऑपरेशनची सोय होती ना गाडीची, आणि अडलेली बाई दगावताना त्यांनी पाहिलेली असते. “आता गाडी आहे, दवाखाना आहे, अडलं तर सोडवतात” हे त्यांना कुणी पटवून सांगत नाही. पोषणाची भाषणं सुनेपुढे होतात, ताट वाढणारा हात सासूचा असतो.

या रिवाजाला सरकारी उशीर येऊन मिळतो. १ जुलै २०२५ पासून घरी न्यायच्या आहारासाठी पोषण ट्रॅकर या सरकारी ॲपवर चेहरा जुळवणं सक्तीचं झालं. गळती थांबावी म्हणून केलं, मान्य. पण गावात ते कसं चालतं? बाई अंगणवाडीत उभी असते आणि ओटीपी नवऱ्याच्या मोबाइलवर जातो. नवरा चाकणच्या कारखान्यात पाळीला, मोबाइल लॉकरमध्ये. सेविका फोटो काढते, आधारवरचा चेहरा लग्नाआधीचा, आताचा चेहरा गरोदरपणाने सुजलेला किंवा उन्हाने रापलेला, जुळत नाही. रेंज आली तर आली. बाई एक चक्कर मारते, दुसरी मारते, तिसऱ्यांदा मजुरी बुडवून येत नाही. आणि ज्या बाईचा अजून चौथा महिनाही लागलेला नाही, ती या सगळ्या सोपस्कारांतून जाऊन आपलं गुपित गावाला सांगेल? नाहीच सांगणार. चोरी गोदामात आणि टेंडरात पकडायची असते. २०१६ च्या आहार पुरवठ्याच्या निविदेतल्या अटी मोठ्या पुरवठादारांना झुकतं माप देणाऱ्या होत्या म्हणून सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये त्या रद्द केल्या, हे तुमच्याच राज्यात घडलं. तेव्हा चेहरा कुणाचा तपासायला हवा होता?

लवकर सुरुवातीचं महत्त्व सांगणारा पुरावाही घरचाच आहे. २००६ ते २०१२ या काळात मुंबईच्या झोपडपट्ट्यांत एक मोठी चाचणी झाली. साडेसहा हजारांवर बाया त्यात होत्या. निम्म्या बायांना रोज पालेभाजी, सुकी फळं आणि दूध पावडर घातलेला समोशासारखा तळलेला पदार्थ दिला, निम्म्यांना तसाच पण बटाटा-कांद्यासारख्या साध्या भाज्यांचा. दिवस जाण्याच्या आधीपासून बाळंत होईपर्यंत, केंद्रावर बोलावून, समोर बसवून खायला दिला. निकाल २०१४ मध्ये आला, आणि तो जसा आहे तसाच सांगते, कारण सोयीचा तेवढा भाग सांगायची सवय आपल्या खात्यांना पुष्कळ आहे. सगळ्या बाया एकत्र धरल्या तर वजनात खात्रीने सांगावा असा फरक पडला नाही. ज्यांनी दिवस जाण्यापूर्वी किमान नव्वद दिवस तो खायला घेतला होता, त्यांची बाळं सरासरी ४८ ग्रॅमने जड भरली. गरोदरपणातला मधुमेह दुसऱ्या गटात १२.४ टक्के बायांना झाला, पालेभाजीच्या गटात ७.३ टक्क्यांना. हा फायदा काट्यावर कुठेच उमटत नाही, पण तो आईचा आहे आणि बाळाचाही.

त्याच चाचणीत एक न आवडणारी गोष्टही दिसली. अगदी हडकुळ्या बायांच्या बाळांचं वजन वाढलंच नाही. अंगाने बऱ्या असलेल्यांच्या बाळांचं शंभर ग्रॅमच्या आसपास वाढलं. पुण्याच्या गावांत पालेभाजीचा संबंध किरकोळ बायांतच जास्त दिसला होता, मुंबईत उलट. गावांतलं निरीक्षण होतं आणि मुंबईतली चाचणी, तेव्हा दोन्ही एका तराजूत घालता येत नाहीत, हे मला कळतं. माझ्या परीने मी एवढंच समजते की उपाशी शरीर मिळालेला घास आधी स्वतःकडे ओढून घेतं. अडतीस किलोची बाई आधी आपली झीज भरून काढणार, मग बाळाला देणार. तिला एका समोशाने भागत नाही. तिला पोटभर जेवण लागतं, तेही दिवस जाण्याच्या आधीपासून, आणि त्यात भाजी, दूध, अंडं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या फेरीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या २०.८ टक्के बाया ठरलेल्या मापापेक्षा हडकुळ्या निघाल्या, आणि गरोदर बायांपैकी ४५.७ टक्के रक्तक्षयी. या बाया गरोदर राहिल्यावर तुमच्या यादीत येतात. लग्न ठरलेल्या, नवी नवरी म्हणून आलेल्या, पहिल्या बाळंतपणानंतर वर्षभराने पुन्हा पाळी चुकायची वाट बघणाऱ्या कुठल्याच यादीत नसतात. माझं म्हणणं, गावात लग्न होऊन सून आली की अंगणवाडीत तिचं नाव लागावं. आशाच्या जोडपी-रजिस्टरात ते लागतंच, तिथून उचलायचं आहे फक्त.

वेळेवर आणि खऱ्या गरजेच्या हंगामात दिलेल्या अन्नाने काय होतं, याचं सगळ्यात ठसठशीत उदाहरण आफ्रिकेतल्या गाम्बियाचं. तिथे गरोदर बायांना साधारण विसाव्या आठवड्यापासून शेंगदाण्याची पौष्टिक बिस्किटं रोज दिली. १९९७ मध्ये निकाल छापून आला. सरासरी वजन १३६ ग्रॅमने वाढलं. पण सुगीच्या दिवसांत वाढ ९४ ग्रॅमची आणि पावसाळ्यातल्या टंचाईत, जेव्हा कणगी रिकामी आणि शेतात राबणं जास्त, तेव्हा २०१ ग्रॅमची. आपल्याकडेही तशाच दोन टंचाया आहेत. डोंगरी भागात आषाढ-श्रावणात, लावणीच्या कामात. आणि ऊसतोड कामगारांकडे नेमका तोडणीचा हंगाम, ऑक्टोबर-नोव्हेंबरपासून मार्च-एप्रिलपर्यंत. कोयता घेऊन पहाटे चारला फडात उतरणारी, डोक्यावर मोळी घेऊन ट्रॉलीची शिडी चढणारी सहा महिन्यांची गरोदर बाई मी पाहिली आहे. तिचं नाव गावच्या अंगणवाडीत, ती कोल्हापूरच्या फडावर. स्थलांतराचा माग ठेवणारी प्रणाली तुम्ही आणली, हे ठाऊक आहे. ॲपमध्ये नाव हललं तरी फडाजवळ अंगणवाडी नसेल तर ताट कुठून येणार? साखर कारखान्याच्या गाळप परवान्याशी फडावरचं एक वेळचं जेवण जोडता येतं का, हे सहकार आणि साखर खात्यासोबत एकदा बसून ठरवा.

मोळीचा विषय निघालाच आहे तर कामाबद्दलही. पुण्याच्याच त्या गावांत, पुण्यातल्या आघारकर संशोधन संस्थेच्या शोभा राव आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बायांचं रोजचं काम मोजलं होतं. शेतकाम, पाणी, सरपण, घर. जिचं काम जड, तिचं बाळ लहान, असं त्यात दिसलं. वजनात, डोक्याच्या घेरात, दंडातही. कुठल्याही आजीला विचारलंत तर ती हेच सांगेल, पण निदान आता ते मोजून ठेवलेलं आहे. म्हणजे तुम्ही ६०० उष्मांक दिलेत आणि तिने पाच हंडे पाणी चढावरून आणलं, तर शिल्लक किती? मातृवंदना योजनेचे पाच हजार याच कारणासाठी होते, मजुरी बुडाली तरी चालावं म्हणून. कायद्यात २०१३ लाच किमान सहा हजार म्हटलं होतं. दिले पाच, तेही पहिल्या बाळाला. दुसरं असेल तर मुलगीच झाली पाहिजे, तेव्हा सहा. दुसऱ्या खेपेला मुलगा पोटात असलेल्या बाईला काय कमी भूक लागते? तमिळनाडू २०१८ पासून मुथुलक्ष्मी रेड्डी यांच्या नावाच्या योजनेत पैसे आणि पोषण किट मिळून अठरा हजार देतं, आणि सुरुवातीला त्यात पहिला हप्ता बारा आठवड्यांच्या आत नाव नोंदवलं तर मिळायचा. आता कळलं, तिथल्या बाया लवकर का सांगतात?

एक गोष्ट घाईने सांगते, नाहीतर राहून जाईल. गरोदर बाईला प्रथिनांच्या पावडरीचे डबे लिहून देण्याची साथ आली आहे. पाच-सातशे रुपयांचा डबा, तो घ्यायला घरातली कोंबडी विकतात. नुसतं प्रथिनांचं प्रमाण वाढवलेल्या पूरक आहाराने बाळ उलट लहान राहण्याचा धोका चाचण्यांत दिसला आहे, आणि जागतिक आरोग्य संघटनेने २०१६ मध्ये तो देऊ नये असं स्पष्ट म्हटलं आहे. जिथे बाया हडकुळ्या आहेत तिथे संतुलित जेवण द्या, असं तीच संघटना सांगते. ती कोंबडी ठेवा आणि अंडी खा, हे सांगायला तुमची भित्तिपत्रकं वापरा.

मोजमापाचंही बदला. जन्मल्यावर बाळाचं वजन घ्याच, पण सोबत लांबी आणि डोक्याचा घेर लिहायला लावा, आणि आईची नोंद होते त्या दिवशी तिच्या दंडाचा घेर. साधी फीत पुरते, रेंज लागत नाही, ओटीपी लागत नाही. वजनासाठी रजिस्टरात दोन आकडे दशांशापुढे लिहिणं बंधनकारक करा, आणि अडीचच्या खालच्या बाळामागे सेविकेला किंवा परिचारिकेला सभेत उभं करणं बंद करा. ती वाढवून लिहिते ते तुमच्या भीतीने.

या पत्राचं उत्तर मला पाठवू नका. दर महिन्याच्या ग्राम आरोग्य पोषण दिनाला अंगणवाडीच्या फळ्यावर खडूने लिहायला सांगा: गावात गरोदर बाया किती, त्यांतल्या किती जणींना बारा आठवड्यांच्या आत पहिलं ताट मिळालं, या महिन्यात किती दिवस ताट बंद होतं आणि का. नावं लिहू नका, आकडे लिहा. हेच आकडे तालुकावार जन्मवजनाशेजारी प्रसिद्ध करा. आणि येत्या अर्थसंकल्पात अमृत आहाराची हद्द काढून टाकणारी ओळ घाला.

आपली,
एक निवृत्त आरोग्य सेविका